नेपाळला ट्रेकला जाताय? आधी पोर्टरची चौकशी करा

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर आपलं सामान वाहणारा माणूस शेर्पाच असतो, त्याला उंचीचं काही वाटत नाही, हा समज आधी काढून टाका. बरेचसे पोर्टर राई, तामांग, मगर समाजातले, खालच्या डोंगरी गावांतले असतात. विरळ हवा त्यांनाही बाधते. १९९७ मध्ये एक तरुण नेपाळी पोर्टर उंचीच्या आजाराने गेला आणि त्यानंतर ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ उभा राहिला.

पोर्टर ओझं वाहतो ते नाम्लोवर, म्हणजे कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर. त्यावर पाठीवरचा डोको, म्हणजे टोपली, पेललेला, सगळा ताण मानेवर. दम खायला पोर्टर डोको उतरवतही नाही. डोकोखाली तोक्मा नावाची आखूड काठी टेकवतो आणि उभ्याउभ्याच श्वास घेतो. पोर्टर प्रोटेक्शन ग्रुपने नेपाळसाठी ओझ्याची ३० किलोची मर्यादा सुचवली आहे. माझ्या मते तीही जास्तच आहे.

बुकिंग करतानाच एजन्सीला स्पष्ट विचारा: पोर्टरचा विमा आहे का? बूट, गरम कपडे, रात्रीचा निवारा कोण देणार? आणि तो आजारी पडला तर मजुरी हातात देऊन एकट्याला खाली धाडू नका. त्याची भाषा जाणणारा सोबती बरोबर द्याच.