माती खाण्याची ओढ आणि लोहाची गोळी

गर्भवती स्त्रीला माती खावीशी वाटली, तर घरातील वडीलधारी मंडळी त्यास डोहाळे म्हणून सोडून देतात. तीच माती मुलाने खाल्ली, तर त्याच्या पाठीत धपाटा बसतो. वस्तुतः दोन्ही ठिकाणी पुष्कळदा एकच कारण असते: शरीरातील लोहाची कमतरता.

चुलीची भाजकी माती, पाटीवरची लेखणी, खडू, कोरडे तांदूळ, बर्फ अशा पदार्थांची अनावर इच्छा रक्तक्षय झालेल्यांमध्ये वारंवार आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. मातीने ही उणीव भरून निघत नाही. उलट, काही प्रकारची माती अन्नातील लोह आतड्यात शोषले जाऊ देत नाही, शिवाय तिच्यासोबत जंतांची अंडी पोटात जातात. म्हणजे धपाटा निरुपयोगी आणि डोहाळ्यांचे कौतुकही घातकच.

येथे लोहाची पूरक मात्रा खरोखर उपयोगी पडते. उपचार सुरू झाल्यावर ही ओढ, विशेषतः बर्फाची, कित्येकदा रक्तातील हिमोग्लोबिन वाढण्यापूर्वीच ओसरते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीस चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी देण्याची तरतूद आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. रक्तक्षय झालेला असल्यास मात्रा डॉक्टरांनी ठरवावयाची असते. गोळीबरोबर चहा घेऊ नये. लिंबू किंवा आवळा चालतो. शौचास काळी होते म्हणून अनेकजणी घाबरून गोळी सोडतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण त्या अधिक प्रमाणात पोटात गेल्यास जिवावर बेतते.

यावरून तंबाखू वा दारूवरही एखादी शक्तिवर्धक गोळी चालेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे मूळ कारण पोषणाची उणीव हे नाही. मद्यपींना ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते, ते मेंदूच्या रक्षणासाठी. त्याने दारूची तलफ जात नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. मिश्री वा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना समुपदेशनाचाच अधिक आधार मिळतो, आणि ते १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.