नव्या पिल्लाला नवं नाव द्या

औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला आपण जातो, येताना तसबीर आणतो. त्या तसबिरीत दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद आहेत, असं जुनी माणसं सांगतात. पण घरचं कुत्रं गेलं आणि आपण रडलो, की हीच माणसं म्हणतात, "कुत्रंच तर होतं. दुसरं आणा." आज मला या 'दुसरं आणा'बद्दल बोलायचं आहे.

पलूसला आमची मळ्यात वस्ती आहे. तिथं मोती नऊ वर्षं राखणीला होता. उसाच्या हंगामात एका रात्री तो रस्त्यावर गेला आणि ट्रॅक्टरखाली सापडला. आठ दिवसांत माझ्या दिरांनी एक पिल्लू आणलं. मायेनंच आणलं. रंग तोच, म्हणून नावही मोतीच ठेवलं. पण माझी आठ वर्षांची लेक त्याला हात लावेना. सासूबाई भाकरी टाकायच्या, पण त्याच्याकडं बघायच्या नाहीत. एका रात्री लेक माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, त्या दिवशी फाटकाची कडी मी लावली नव्हती."

महिनाभर पोर हे मनात घेऊन फिरत होती आणि आम्ही तिला नवं पिल्लू दाखवत होतो.

मैत्रिणींनो, लहान मुलं पुष्कळदा असाच दोष स्वतःवर घेतात. म्हणून आधी त्यांच्याशी बोला. "मोती गावाला गेला" असं खोटं सांगू नका, मूल वाट बघत बसतं. मोती मेला, त्याला आता दुखत नाही, आणि फाटक बघणं हे मोठ्यांचं काम होतं, असं सरळ सांगा. रडू द्या. घरातली म्हातारी माणसंही बोलत नाहीत, पण रोज भाकरीचा तुकडा घालणाऱ्या हाताला चुकल्यासारखं होतंच.

घरात दुसरं कुत्रं असेल तर तेही झुरतं. मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यात काम केलेली पोलिसांची कुत्री निवृत्तीनंतर विरारजवळ एका घरी सांभाळली होती. 2016 साली त्यातला टायगर गेला, तेव्हा त्याचा जोडीदार सीझर उदास राहू लागला, असं त्याला सांभाळणाऱ्यांनी सांगितलं होतं. अशा कुत्र्याची खायची-फिरायची वेळ मोडू नका. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरी गोष्ट. नवं पिल्लू आणायच्या आधी विचारा, पहिलं कशानं गेलं?

रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन गेलं असेल, तर तो पार्व्हो असू शकतो. त्याचे विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतात. साध्या फिनेलनं ते मरतील याचा भरवसा नाही. फरशी आणि भांडी आधी घासून मग ब्लिचिंगच्या पाण्यानं धुवा. जुनं अंथरूण जाळा. अशा घरात लस न झालेलं पिल्लू आणू नका, तेही हातचं जाईल.

कुत्रं पिसाळून गेलं असेल, किंवा नुसती शंका असेल, तर पिल्लाचा विचार बाजूला ठेवा. ज्यांना ते चावलं, ओरखडलं, किंवा ज्यांच्या जखमेला त्याची लाळ लागली, त्यांनी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. सगळे डोस पुरे करायचे. हळद-मिरची लावत बसायचं नाही.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत, त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. बेदाण्याच्या शेडजवळ, फवारणीच्या बागेत कुत्रं मोकळं सोडू नका. आणि रस्त्यानं गेलं असेल, आमच्या मोतीसारखं, तर आधी फाटक दुरुस्त करा.

तिसरी गोष्ट पिल्लाची. आठ आठवडे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नका. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्व्होची पहिली लस, मग चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि ती दर वर्षी डॉक्टर सांगतील तशी. जंताचं औषध विसरू नका. लसी पुऱ्या होईपर्यंत गावातल्या कुत्र्यांत सोडू नका. मोठं झाल्यावर नसबंदी करून घ्या, म्हणजे पुढं पिल्लं रस्त्यावर सोडायची वेळ येत नाही. आणि विकतच्या जातिवंत कुत्र्याची गरज नाही. गल्लीतलं गावठी पिल्लू आपल्या हवेत चांगलं राहतं.

किती दिवसांनी आणायचं, याला पंचांग नाही. घरातल्या सगळ्यांना विचारा. कुणी "नको" म्हटलं तर थांबा. आणि आणल्यावर "मोती असं करत नव्हता" हे त्याला ऐकवू नका. त्या बिचाऱ्यानं मोतीला पाहिलेलंही नाही.

आम्ही उशिरा शहाणे झालो. एका संध्याकाळी लेकीला म्हटलं, "याचं नाव तूच ठेव." तिनं त्याच्या फुगलेल्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "ढब्बू." त्या रात्री सासूबाईंनी भाकरी टाकताना पहिल्यांदा हाक मारली, "ये रे ढब्बू." मोतीचा पट्टा अजून ओसरीतल्या खुंटीला आहे. ढब्बूला नवा आणला. आणि फाटकाची कडी रोज रात्री मी लावते. लेक सोबत येते, कंदील धरायला.

तुमच्या बचत गटात हे बोला.