अस्थिकलश कशाचा असावा?

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले आणि आत मूल. ताम्रपाषाण युगातल्या या दफनांना तीन हजार वर्षे होत आली. ते रांजण अजूनही रांजणच आहेत.

आपल्याकडे मातीचे मडके म्हणजे पर्यावरणाला सोयीचे, असे सगळे धरून चालतात. ते अर्धेच खरे. आव्यात भाजलेल्या मातीचे रूप कायमचे पालटते. तिचा पुन्हा चिखल होत नाही. नदीत सोडलेले मडके फुटते, खापऱ्या तळाशी बसतात आणि तिथेच राहतात. त्या विषारी नसतात, एवढे मात्र खरे. पाण्यात विरणारा कलश हवा असेल तर तो कच्च्या, न भाजलेल्या मातीचा हवा. शाडूची गणेशमूर्ती बादलीत विरते ती याच गुणामुळे.

तरीही मडक्यापेक्षा त्याच्याभोवतीचे सामान जास्त त्रासाचे. अस्थी सावडून झाल्या की मडक्याच्या तोंडाला लाल फडके बांधतात. ते सुती असेल तर कुजते, पॉलिएस्टरचे असेल तर नदीकाठच्या झुडपांना वर्षानुवर्षे लटकत राहते. रक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, हारात जरीची पट्टी असते, आणि हे सारे गाठोडे तसेच पाण्यात जाते. शोकात बुडालेल्या घराला त्या घाईत कापड पारखण्याची शुद्ध नसते. म्हणून हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, सामान आणायला जाणाऱ्या भाच्या-पुतण्यांना आधीच ठाऊक असलेले बरे.

परदेशात रक्षेसाठी विरघळणारे कलश हा आता मोठा व्यवसाय झाला आहे. हाती बनवलेल्या कागदाचा कलश काही मिनिटे पाण्यावर तरंगतो, मग भिजून बुडतो आणि त्याचा लगदा होतो. सैंधव मिठाचा कोरीव कलश काही तासांत विरतो. समुद्रात मीठ गेले तर बिघडत नाही. पण एखाद्या लहानशा तळ्यात किंवा झाडाच्या मुळाशी किलो-दोन किलो मीठ घालणे शहाणपणाचे नाही. वस्तू ‘नैसर्गिक’ आहे, एवढ्याने भागत नाही. रक्षा कुठे जाणार हे आधी ठरवावे आणि त्याला जोडून कलश निवडावा. दुकानदार हे क्वचितच विचारतो.

अमेरिकेत समुद्रात रक्षा सोडायची तर किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर आत जावे लागते आणि तीस दिवसांच्या आत तिथल्या पर्यावरण संस्थेला कळवावे लागते. न कुजणारे काही पाण्यात टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या परिसरातली हिंदू कुटुंबे सोअर नदीत विसर्जन करतात. पण तिकडची कितीतरी मराठी घरे अजूनही रक्षा घेऊन नाशिकला रामकुंडावर येतात, आणि अशा वेळी कलशाची एक वेगळीच परीक्षा होते. अमेरिकी विमानतळांवर कलश क्ष-किरण यंत्रातून जातो. आतले दिसले नाही तर तो पुढे नेऊ देत नाहीत. मृताचा मान राखायचा म्हणून अधिकारी तो उघडतही नाहीत, घरच्यांनी विनंती केली तरी. पितळेचा जड कलश अशा वेळी अडतो, लाकडाचा किंवा कागदाचा पार होतो.

रक्षा मातीला देणे ही काही आधुनिक टूम नव्हे. आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थिसंचयनाचा विधी तपशिलाने दिला आहे: अंगठा आणि अनामिका यांनी एकेक अस्थी आवाज न करता उचलायची, पायाकडून सुरुवात करून डोके शेवटी. पुढे सुपाने पाखडून शुद्ध करायचे आणि पावसाखेरीज दुसरे पाणी चहूबाजूंनी वाहून येत नाही अशा जागी खड्डा घेऊन कलश त्यात ठेवायचा. जवाहरलाल नेहरूंनी तर १९५४ च्या मृत्युपत्रात मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी आणि बाकीची बरीचशी विमानातून शेतांवर विखरावी, असे लिहून ठेवले होते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत आता बरीच कुटुंबे रक्षा आपल्याच शेतात पुरून वर झाड लावतात. हा पायंडा फार चांगला आहे. फक्त झाड जगायला हवे. अस्थींच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असते. त्यातला स्फुरद मुळांना सहजी मिळत नाही. शिवाय राख अतिशय अल्कधर्मी असते आणि तिच्यात क्षारही भरपूर असतात. त्या ढिगातच रोप खोचले तर ते करपते. बार्सिलोनाच्या जेरार्ड मोलिने या रचनाकाराने ‘बायोस अर्न’ हा कलश तयार करताना हीच अडचण ओळखली: खालच्या कप्प्यात रक्षा, वरच्या कप्प्यात माती आणि बी. बी आधी स्वच्छ मातीत रुजते, मुळे खाली पोचेपर्यंत रोप सावरलेले असते.

आपल्या बांधावर हे बिनखर्चात जमते. खड्डा मोठा घ्यावा. विद्युत किंवा गॅसदाहिनीतली रक्षा दोन-तीन किलो भरते. लाकडाच्या चितेतली राख पुष्कळच अधिक, म्हणून ती सगळी एका झाडाला न देता शेतभर पसरावी. खड्ड्यात घालायची रक्षा भरपूर माती आणि कुजलेल्या शेणखतात कालवून तळाशी घालावी, वर हातभर नुसती माती, आणि मग रोप. मडके भाजलेले असेल तर ते अख्खे पुरू नये; मुळांची वाट अडते.