रोजचा पंप आणि अडीनडीचा पंप

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या दवाखान्यात दोन तऱ्हेची गर्दी वाढते. एक जखमींची, कोयता लागलेले, ट्रॉलीवरून पडलेले, मोळीखाली पाय सापडलेले. दुसरी, छाती भरून आलेल्यांची. पहाटेची थंडी, फडातली धूळ, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि घरी चुलीचा धूर, असा चहूबाजूंनी मार बसतो आणि पावसाळ्यानंतर बरा असलेला दमेकरी रात्र रात्र बसून काढू लागतो.

या दुसऱ्या गर्दीत एक गोष्ट नेहमी दिसते. आलेल्यांपैकी पुष्कळांच्या खिशात पंप असतो. म्हणजे औषध मिळाले नाही म्हणून ते आलेले नसतात. जो पंप रोज घ्यायचा तो बंद करून, जो अडीनडीला घ्यायचा तोच दिवसातून सात-आठ वेळा ओढून ते आलेले असतात. विचारले तर उत्तर ठरलेले: "डॉक्टर, दिवाळीपतुर काय बी त्रास न्हवता. बरं वाटलं म्हणून सोडला. बरं असताना औषध कशाला घ्यायचं?"

प्रश्न सरळ आहे. त्याचे उत्तर सभासद बंधू-भगिनींना नीट मिळावे म्हणून हा लेख.

दम्यात छातीत नेमके काय होते ते आधी पाहू. फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. ही सूज डोळ्याला दिसत नाही, दुखत नाही, आणि धाप नसली तरी ती असतेच. सुजलेली नळी हळवी होते. धूर, धूळ, थंड हवा, पडसे, काहींना कुत्र्या-मांजराचे केस, असे काही लागले की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतून चिकट कफ सुटतो आणि छातीतून सुसू आवाज येऊ लागतो. म्हणजे दुखणी दोन झाली: कायमची सूज आणि अधूनमधून येणारी आवळ.

अडीनडीचा पंप, ज्यात बहुधा साल्ब्युटामॉल असते, तो फक्त ही आवळ सोडवतो. पाच मिनिटांत मोकळे वाटते आणि गुण चार-पाच तास टिकतो. सुजेला तो हातही लावत नाही. रोजच्या पंपात बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन यांपैकी एखादे स्टेरॉइड अगदी थोड्या मात्रेत असते. ते सूज उतरवते. पण ओढल्या ओढल्या काहीच जाणवत नाही. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि पुरता गुण यायला काही महिने जातात. येथेच सारा घोटाळा होतो. ज्याने लगेच बरे वाटते ते औषध खरे आणि ज्याने काहीच वाटत नाही ते डॉक्टरने उगीच दिलेले, असा माणसाचा हिशेब असतो. दम्यात हा हिशेब नेमका उलटा आहे.

"स्टेरॉइड" हा शब्द ऐकून घाबरणारेही बरेच आहेत, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नाही. या औषधाचा इतिहास थोडक्यात असा. कॉर्टिसोन व त्या जातीच्या द्रव्यांवरील संशोधनासाठी १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे या गोळ्यांनी दमेकऱ्यांना जीवदान मिळाले, पण वर्षानुवर्षे गोळ्या खाणाऱ्यांचा चेहरा सुजू लागला, हाडे ठिसूळ झाली, साखर वाढली, मोतीबिंदू लवकर आला. औषध गुणकारी, पण ते साऱ्या शरीरभर जात होते. १९५६ साली अमेरिकेत मोजून फवारा देणारा पंप निघाला. त्याची कथा मोठी गमतीची आहे. औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले की केसांचा फवारा डब्यात मिळतो, तर माझे औषध तसे का मिळू नये? आणि १९७२ साली इंग्लंडमध्ये बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा पंप वापरात आला. औषध थेट नळीत जाऊ लागले आणि मात्रा एकदम खाली आली.

किती खाली आली ते आकड्यात पाहा. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइडच्या पंपाचा एक फवारा बहुधा १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा. औषधे वेगवेगळी असल्याने त्यांची ताकद सारखी नाही, ही तुलना तंतोतंत नव्हे; पण अंदाज यावा. आपल्या भाषेत सांगायचे तर गोळी म्हणजे पाटाने साऱ्या रानाला दिलेले पाणी आणि पंप म्हणजे ठिबक. ठिबकला पाणी कमी लागते म्हणून ऊस वाळतो असे आता कुणी म्हणत नाही.

गोळ्या वाईट असे मात्र समजू नये. जोराचा झटका आला असता डॉक्टर पाच-सात दिवस गोळ्या देतात, त्या घ्याव्यातच. त्यांनी प्राण वाचतात. वाईट आहे ते महिनोन् महिने चालणारे "डेका"चे इंजेक्शन आणि नाव-गाव नसलेल्या पुड्या. पुडीने लगेच गुण येतो, कारण पुष्कळदा तिच्यात हेच स्टेरॉइड असते, तेही मोजमाप नसलेले. पंपाच्या ठिबकाला भिणारा माणूस पुडीतून पाटाने पाणी घेत असतो आणि त्याला ते ठाऊकही नसते. जे फार दिवस अशा गोळ्या-पुड्या घेत आहेत त्यांनी मात्र त्या एकदम तोडू नयेत. शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे विसरलेले असते. हळूहळूच कमी करावे लागते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बरे असताना औषध का घ्यायचे? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात औषधांच्या सरकारी नोंदी पूर्वीपासून नीट ठेवल्या जातात. तेथील ५ ते ४४ वयाच्या ३०,५६९ दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून २००० साली एक निबंध प्रसिद्ध झाला. वर्षभरात रोजच्या पंपाचा एकेक डबा ज्यांनी जास्त वापरला, त्यांच्यात दम्याने मरण्याचे प्रमाण दर डब्यामागे २१ टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची: ज्यांनी हा पंप बंद केला, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांतले मृत्यू, पंप चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होते. दिवाळीला पंप सोडणाऱ्याचे तीन महिने मोजून पाहा. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. ऐन हंगाम.

आणि आपल्याकडे काय स्थिती आहे? २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दमेकरी सुमारे ३ कोटी ४३ लाख. जगातील दमेकऱ्यांत आपला वाटा १३ टक्क्यांच्या आसपास, पण जगातील दम्याच्या मृत्यूंत ४२ टक्क्यांहून अधिक. आपला दमा काही जगावेगळा जहाल नाही. रोजचा पंप पोहोचत नाही, किंवा पोहोचून कपाटात राहतो, हे याचे एक मोठे कारण आहे असे माझे स्पष्ट मत आहे. उलट फिनलंड देशाने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची मोहीम काढली. सुजेवरचे औषध लवकर सुरू करायचे, गावोगावचे डॉक्टर, परिचारिका व औषध दुकानदार यांना शिकवायचे, यावर भर दिला. आणि दम्यासाठी इस्पितळात काढावे लागणारे दिवस जवळजवळ निम्म्यावर आले.

अडीनडीच्या पंपावरच भिस्त ठेवू नये, हेही आता ठरून गेले आहे. २०१९ पासून दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेने नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमेकऱ्याला ठेवू नये असे सांगितले. वर्षात त्याचे तीन डबे संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो. बारा संपत असतील तर जिवाचा. आपल्या घरात वर्षाला किती डबे संपतात, हे दूध डेअरीच्या पावत्यांइतक्या काळजीने मोजावे. काहींना बुडेसोनाइड आणि फॉरमोटेरॉल ही दोन्ही औषधे एकाच पंपात देतात आणि तोच पंप रोज व अडीनडीलाही चालतो. ही सोय चांगली आहे, पण प्रत्येक जोडपंप तसा वापरता येत नाही. तेव्हा शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये.

पंपाची सवय लागते, ही समजूत काही जाता जात नाही. "पंप म्हंजी शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत न्हाई." ही दारू-तंबाखूसारखी सवय नव्हे. चष्म्याला आपण सवय म्हणत नाही. दोन-तीन महिने दमा पूर्ण ताब्यात राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करतात आणि कमीत कमी मात्रेवर ठेवतात. वाढत्या मुलांविषयी आयांना चिंता असते, ती रास्त आहे. लहानपणी काही वर्षे रोज बुडेसोनाइड घेतलेल्या अमेरिकेतील मुलांची उंची मोठेपणी मोजली, ती सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. अर्धा इंचही नाही. हे लपवण्यासारखे नाही आणि घाबरण्यासारखेही नाही. रात्रभर खोकणारे, शाळा बुडवणारे पोर त्याहून अधिक गमावते. गरोदर सुनांचा पंप घरची वडीलधारी मंडळी कधी कधी बंद करायला लावतात. तसे मुळीच करू नये. आईला श्वास पुरला नाही तर बाळाला कोठून पुरणार?

मृगाला हैदराबादला जाऊन माशाबरोबर औषध गिळून येणारे लोक आपल्या भागातही आहेत. त्यांच्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही. जाताना रोजचा पंप पिशवीत असू द्यावा, एवढेच सांगणे.

आता सर्वांत मोठी गळती. पंप घेणाऱ्यांपैकी बरेच जण तो चुकीचा घेतात आणि औषध घशातच बसते. डबा आधी चांगला हलवावा. श्वास पूर्ण बाहेर सोडावा, पण पंपात नव्हे. तोंडात धरून ओठ घट्ट मिटावेत. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करावी आणि त्याच क्षणी डबा दाबावा. आधी नाही, नंतर नाही. छाती भरेपर्यंत ओढून दहा आकडे मोजेतो श्वास धरावा. दुसरा फवारा घ्यायचा असल्यास अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून घ्यावा. ज्यांना हा मेळ जमत नाही, विशेषतः म्हातारी माणसे व लहान मुले, त्यांनी स्पेसर नावाचे प्लॅस्टिकचे नळकांडे पंपाला लावावे. खरे तर ते सर्वांनीच वापरावे. कॅप्सूल घालून ओढायचे यंत्र असेल तर रीत उलटी: तेथे सावकाश नव्हे, जोराने व खोल ओढावे लागते. एकाची रीत दुसऱ्याला लावली की औषध वाया.

रोजचा पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरून थुंकावी, म्हणजे तोंडात पांढरा बुरा येत नाही आणि आवाज बसत नाही. माझा सल्ला असा की पंप दात घासायच्या ब्रशशेजारीच ठेवावा. आधी पंप, मग दात, मग चूळ. विसरणे होत नाही.

धुराविषयी थोडे. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, हे आपला शेतकी विभाग जमिनीसाठी सांगत आला आहे. दवाखान्याची तीच विनंती छातीसाठी आहे. बगॅस यार्डातील कामगारांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जुन्या, बुरशी लागलेल्या चिपाडाच्या धुळीने ताप, खोकला व धाप लागू शकते. तो आजार दम्याहून वेगळा, त्याला बगॅसोसिस म्हणतात, आणि त्याचा पहिला उपाय त्या धुळीपासून दूर होणे हाच आहे. विडी ओढणाऱ्याची धाप किंवा हृदयाची धाप हीदेखील दमा नव्हे. म्हणून पंप सुरू करण्यापूर्वी फुंकर मारून करावयाची तपासणी एकदा करून घ्यावी.

वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, अडीनडीचा पंप घेऊनही उतार पडत नाही, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. स्पेसरमधून पंप देत देत, रुग्णाला बसवूनच, मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे.

बुडेसोनाइड व साल्ब्युटामॉल ही दोन्ही औषधे केंद्र सरकारच्या २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. अशा औषधांच्या कमाल किमतीवर सरकारचा अंकुश असतो. तेव्हा दुकानात औषधाच्या मूळ नावाने भाव विचारावा. दवाखान्यात येताना घरातले सगळे पंप, रिकामे झालेलेसुद्धा, आणि असतील त्या पुड्या एका पिशवीत घालून आणाव्यात. पंप आमच्या समोर ओढून दाखवावा. यात लाजण्यासारखे काही नाही. पहिल्या खेपेला बरोबर ओढणारा क्वचितच भेटतो.