‘आमचा समाज’ आणि समाजशास्त्र

कला शाखेच्या पहिल्या वर्षाला मी गेली अनेक वर्षे समाजशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर ‘समाज’ एवढाच शब्द लिहिते आणि तो ज्यात येतो असे एक वाक्य प्रत्येकाने वहीत लिहावे असे सांगते. पाठ्यपुस्तकात समाजाची व्याख्या ‘सामाजिक संबंधांचे जाळे’ अशी असते. वह्यांमध्ये उतरते ते वेगळेच. ‘आमच्या समाजात हुंडा घेत नाहीत.’ ‘समाजाचा वधूवर मेळावा आहे.’ ‘समाजाच्या कार्यालयात लग्न आहे, भाडे कमी पडते.’ सगळी वाक्ये मराठीत शुद्ध आहेत आणि त्यांतील समाज म्हणजे जात आहे. जो शब्द शास्त्रात सर्वांना कवेत घेतो, तोच रोजच्या बोलण्यात आपल्यापुरते कुंपण घालतो. मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्याआधी मी या दोन अर्थांमधले अंतर दाखवते. वर्षभराचा अभ्यासक्रम एका अर्थी त्या अंतरातच आहे.

‘संस्था’ या शब्दाचेही असेच. संस्था म्हटले की मुलांना पतसंस्था किंवा ज्यांच्या कॉलेजात आपण शिकतो ती शिक्षणसंस्था आठवते; पाटी, अध्यक्ष, कचेरी. समाजशास्त्रातल्या संस्थेला पाटी नसते. विवाहसंस्था कोणी नोंदवलेली नाही, तिचा सचिव नाही, तरी तिचे नियम मोडणाऱ्याला दंड होतो. कधी तो टोमण्याचा असतो, कधी घराबाहेर काढण्याचा आणि कधी जिवावर बेतणारा.

हा दंड कोण करते, या प्रश्नाला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये एक नाव दिले: सामाजिक तथ्य. विचार करण्याच्या व वागण्याच्या अशा रीती, ज्या आपल्या जन्माआधीपासून असतात, आपल्या बाहेर असतात आणि आपल्यावर दाब टाकतात. ही व्याख्या मुलांना धुक्यासारखी वाटते. म्हणून मी त्यांना आजीकडे पाठवते. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ का म्हणे, हे विचारून या. आजीला कारण सांगता येतेच असे नाही. ‘तशी पद्धतच होती’ हे उत्तर ठरलेले. आणि ते उत्तरच दुर्खीमच्या उपयोगाचे आहे.

कारण असे, की महाराष्ट्रातील अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे ही मान्य, किंबहुना पसंतीची सोयरीक होती. तीच सोयरीक मुलीच्या बाजूने पाहा: तिचा नवरा आतेभाऊ, म्हणून सासू तिची आत्या. आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडे अनेक घरांत मामाच म्हणतात, म्हणून सासरा मामंजी. पुढे नात्याबाहेरच्या मुली सुना होऊन आल्या, त्यांनीही हीच हाक मारली. नियम सैल झाला, शब्द मागे राहिला. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतभरची अशी नातेवाचक नावे गोळा करून नातेव्यवस्थेचा नकाशाच मांडला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचे लग्नही चालते, आणि मराठी मुलूख या दोहोंच्या मध्ये: मामाची मुलगी चालते, आत्याची बहुतेक ठिकाणी चालत नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली, सगळ्यांना ‘आंटी’ म्हणणारी मुले इथे थोडी गप्प होतात. आत्या, मावशी, काकू, मामी हे चार शब्द वेगळे ठेवण्याची भाषेला गरज का पडली असावी, हे त्यांना एकदम उमगते.

इथवर तास मजेत जातो. जातीपाशी आलो की वर्गातली हवा बदलते. ‘मॅडम, आता जात कुठे राहिली?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो बहुधा त्यालाच पडतो ज्याला जातीची झळ लागलेली नाही. मी वाद घालत नाही. घरातली किंवा शेजारची अलीकडची तीन लग्ने आठवा, वधूवर एका जातीचे होते का एवढेच मनाशी मोजा, असे सांगते. वर्गात कोणीही स्वतःची जात सांगायची नाही, हा माझा कडक नियम आहे. एखाद्याला जे उच्चारताना छाती फुगते तेच शेजारच्या बाकावरच्याला उच्चारताना कापरे भरते. शिकवण्याच्या नावाखाली कोणाला उघडे पाडण्याचा अधिकार मला नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले. हा आकडा मी नंतर सांगते. तोवर मुलांचे मोजून झालेले असते.

मग १९१६ सालाकडे जाते. त्या वर्षी ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. व्यवसाय, खानपान, शिवाशीव ही सारी लक्षणे बाजूला सारून त्यांनी मुळावर बोट ठेवले: जातीतच लग्न, म्हणजे अंतर्विवाह. एकदा गट बंद करायचा ठरवला की त्यात स्त्रीपुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवऱ्यामागे उरलेल्या बाईचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नाची उत्तरे आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. जात आणि बाईची कोंडी हे दोन धडे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत का असतात, हे मला अजून कळलेले नाही. या निबंधानंतर तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. तिथले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये जातीची सहा लक्षणे सांगितली. परीक्षेला तीच विचारतात, आणि मुलांना ती मार्गदर्शकातून मिळतात.

मराठीत लिहिलेले समाजशास्त्र हवे असेल तर मात्र विद्यापीठाच्याही मागे जावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातल्या या माणसाने कुणबी, बलुतेदार, त्यांचे हक्क आणि त्यांची कुरकुर यांचा जो हिशेब मांडला, तो वाचल्यावर ‘श्रमविभाजन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. कारकुनी नजर वरून खाली पाहते. पण ती पाहते.

दिवाळीच्या सुट्टीत मुले गावी जातात तेव्हा मी एक तक्ता भरून आणायला सांगते. डावीकडे ‘गावगाडा’तली कामे, पुढे दोन रकाने: पूर्वी ते काम कोण करी, आज कोण करते. बहुतेक ओळींत काहीतरी हललेले असते. सुताराचा मुलगा तालुक्याला फर्निचरच्या दुकानात, लोहाराच्या जागी वेल्डिंगवाला परप्रांतीय, कुंभाराच्या पणत्या आता बाजारातून. सलून पुष्कळदा जुन्याच घराण्याचे, पण गिऱ्हाईक आता रोख पैसे देते. गेल्या वर्षी एका मुलाने आणलेल्या तक्त्यात शेवटची ओळ गटारे आणि मेलेली जनावरे उचलण्याची होती. पहिल्या रकान्यात त्याने जातीचे नाव लिहिले होते. दुसऱ्यात नुसती दोन टिंबे: वरीलप्रमाणे.