कमरेची गाठ आणि गोठलेले खाते

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये ‘धोतर कर्करोगा’ची नोंद केली. वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या वस्त्राने कमरेची त्वचा घासते, तिचा रंग बदलतो, ती जाड होते. क्वचित तेथे न भरणारा व्रण होऊन कर्करोग जडतो. परकराच्या नाडीनेही हेच घडल्याचे पुढे आढळले.

पेशींच्या विभाजनाला काही प्रथिने लगाम घालतात. पी१६ हे त्यांपैकी एक. याच जातीच्या, म्हणजे स्क्वॅमस पेशींच्या, काही त्वचा-कर्करोगांत पी१६चे जनुक मूक झालेले आढळते. जनुकातील अक्षरे शाबूत असतात. पण मिथिल नावाचे रासायनिक गट चिकटल्याने त्यांचे वाचन थांबते. बँकेच्या भाषेत, शिल्लक आहे, पण खाते गोठवलेले! प्रथिन तयार होत नाही, लगाम सुटतो, पेशी अनिर्बंध वाढू लागतात.

हे कुलूप आपल्याला उघडता येत नाही. नाडी मात्र सैल करता येते. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, बांधण्याची जागा बदलावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत, म्हणून आपणच विचारावे. कमरेवरचा व्रण महिनाभरात भरला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवण्यास विलंब करू नये.