रुपया वर, पास्ता सेफ!

शुक्रवारची रात्र. ऑफिसचा ग्रुप पार्टीला गेलाय आणि मी नागपूरच्या माझ्या वन-बीएचकेमध्ये किलोभर पेने उकळतेय. सकाळची ट्रेन पकडून तिरोडा, तिथून पुढे बोदलकसा. लोक तिथे तलाव आणि नागझिऱ्याचं जंगल बघायला जातात. मी जाते बाबांचा फ्रीजर भरायला.

आई गेल्यापासून बाबा एकटेच आहेत. कुकरमध्ये वरण-भात लावायचा आणि तोच दोन वेळा खायचा, असं चाललं होतं. मलाही हॉस्टेलपासून धड एकच आयटम जमतो, पास्ता! पहिल्यांदा खाल्ला तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘हे तर आपले सरगुंडेच झाले ना बेटा!’’ खरंच की. काडीवर कणीक गुंडाळून केलेले आणि आमरसासोबत खायचे सरगुंडे आई उन्हाळ्यात वाळवून ठेवायची. ती वाळवायची, मी गोठवते, एवढाच फरक. फक्त वाळवणाला लाइट लागत नाही, माझ्या डब्यांना लागते. हा फरक किती मोठा आहे, ते नंतर कळलं.

आधी माझी पद्धत सांगते. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील, तर पास्ता नऊ मिनिटांतच उतरवायचा. उरलेला तो परत गरम करताना शिजतो, नाहीतर लापशी ठरलेली! पाणी निथळून चमचाभर तेल लावायचं आणि परातीत पसरून पंख्याखाली गार करायचा. दोन तासांच्या आत डबे फ्रीजरमध्ये गेलेच पाहिजेत. सॉस टोमॅटो-लसणाचा आणि ओरेगॅनोऐवजी चिमूटभर ओवा (बाबांची फर्माईश). मैद्याचा व्हाइट सॉस गोठवला की फाटतो, बटाटा रवाळ होतो, म्हणून दोन्ही कटाप. एका डब्यात एकाचंच जेवण, वर बोटभर जागा मोकळी आणि झाकणावर तारीख.

उणे 18 अंशांना असा डबा दोन महिने आरामात टिकतो. पण बाबांचा फ्रिज सिंगल डोअर, त्यातल्या बर्फाच्या कप्प्यावर माझा तेवढा भरवसा नाही. त्यामुळे तिथे फक्त दोन आठवड्यांचा स्टॉक. मायक्रोवेव्हही नाहीये. गोठलेला गोळा तसाच कढईत टाकायचा, अर्धा कप पाणी घालायचं, झाकण ठेवून मंद गॅसवर मधूनमधून हलवायचा. मधला भागही वाफाळला की वर चीज किसायचं.

सगळं मस्त चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यात बाबा दोन दिवस गोंदियाला नातेवाइकांकडे गेले आणि मागे लाइट गेली. किती वेळ, कुणालाच माहीत नाही. ते परतले तेव्हा लाइट आली होती, डबे दगडासारखे कडक होते. त्यांनी गरम करून खाल्ला. रात्रभर उलट्या, सकाळी सलाइन. मी ट्रेनमध्ये बसून रडत होते, कारण डब्यावरची तारीख माझ्याच अक्षरात होती.

वितळून पुन्हा गोठलेला डबा दिसायला अगदी फ्रेश दिसतो, हीच तर गंमत. भात-पास्त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष कितीही उकळलं तरी जात नाही. ‘चांगलं गरम करून खा’ हा सल्ला इथे कामाचाच नाही.

उपाय मात्र एक रुपयाचा निघाला! वाटीत पाणी घेऊन त्याचा बर्फ करायचा, वर रुपया ठेवायचा आणि वाटी डब्यांशेजारीच ठेवून द्यायची. रुपया वर असेल तर खा. बर्फात रुतला किंवा तळाशी गेला, तर मधे बर्फ वितळला होता, डबे फेका. बाबांना फेकणं जिवावर येतं. ‘‘एवढ्या दुरून आणते तू,’’ म्हणतात. मी ओरडते, ते ऐकतात. बहुतेक.

आता रोज संध्याकाळी सातला, मी डेस्कवरच असते, फोन येतो.

‘‘रुपया वर आहे.’’

‘‘मग काय खाल्लं?’’

‘‘डबा तसाच आहे बेटा. शेजारून तलावातले झिंगे आले होते.’’